नोंदवहीत ‘रिकामा’ लिहिलेला डबा

आधीच सांगून टाकते. भूत, भानामती, अंगात येणं, यातलं मी काही मानत नाही. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. लिंबातून ‘रक्त’ काढून दाखवायचे आणि लगेच त्यातलं रसायनही सांगायचे. तुमचे इथले भुताखेतांचे अनुभव मी सकाळच्या चहाबरोबर वाचते आणि, राग मानू नका, हसते. आता तुमची पाळी.

माझी नात ऋचा जळगावला विद्यापीठाच्या कलासंग्रहालयात काम करते. दोन दालनं, एक कोठार, एवढाच पसारा. यंदा तिथे नव्यानं आलेल्या वस्तूंचं प्रदर्शन ठरलं, विषय गुलाबाई. खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगते, भाद्रपदातल्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आमच्याकडे पोरी गुलाबाई बसवतात. मातीची गुलाबाई, शेजारी गुलाबराव. संध्याकाळी गाणी, टिपऱ्या, आणि शेवटी खाऊ. पण तो ओळखायचा! ज्या घरचा खाऊ असेल ती पोर बंद डबा वाजवून दाखवते, बाकीच्या नावं घेतात. नाहीच जमलं तर सगळ्यांनी ‘हरलो’ म्हणायचं, तेव्हा झाकण उघडतं. आणि जिचा खाऊ कुणाला ओळखता आला नाही, ती दुसऱ्या दिवशी शाळेत राणीसारखी चालते.

प्रदर्शनासाठी मूर्ती आल्या, टिपऱ्या आल्या, आणि एक पितळी डबा आला. तो घेऊन धुळ्याहून एक म्हातारे गृहस्थ आले होते. ऋचानं मला मुद्दाम बोलावून घेतलं — "आजी, हे तुझ्या एरंडोलचे निघाले."

मी ओळखलंच नाही. त्यांनीच हात जोडले. "अक्का, मी कुसुमना भाऊ. हाऊ डबा मन्ही बहीणना शे. मांगला साली गई ती. तिनं नाव लिखा म्हणजे झायं."

गेल्या वर्षी वारलेल्या बहिणीचं नाव डब्याच्या पाटीवर लागावं, एवढंच त्यांचं मागणं. कुसुम... एरंडोलला आमची घरं समोरासमोर होती. पुढे मी धुळ्यात सहा वर्षं नोकरीला होते, कुसुम लग्न होऊन तिथेच, दोन गल्ल्या सोडून राहायची. बाजारात दिसली की मी भाजीवाल्याशी उगाच घासाघीस सुरू करायचे, पाठ फिरवून.

कुसुमचा हा भाऊ म्हणजे नाना. ते पुढे म्हणाले, "ती सांगे, हाऊ डबा एकच पोरनी वळखा. सुमननी. एरंडोलमा सगळ्यात हुशार पोर."

सुमन म्हणजे मी. ऋचाचे डोळे चमकले. "आजी, हे तर पाटीवर यायलाच हवं!" आणि मी? मी नको म्हटलं नाही. उलट दोन ओळी स्वतः लिहून दिल्या, सुवाच्य अक्षरात. ‘हा डबा ओळखणारी एकमेव मुलगी...’ या वयातही बाईला शाबासकी सुटत नाही.

खरं काय झालं होतं ते ऐका. अकरा वर्षांची सुमन म्हणजे दोन वेण्या, वर केलेलं नाक आणि पहिल्या नंबराचा माज. कुसुमकडे खोबरं-साखर परवडायची नाही. म्हणून तिनं महिनाभर भोपळ्याच्या बिया धुऊन, वाळवून, भाजून ठेवल्या होत्या. कुणाच्या डोक्यात येणार नाही असा खाऊ! त्या दुपारी तिच्या घरी कुणी नसताना ही हुशार पोर आत शिरली, फळीवरचा डबा उतरवला, पाहिलं, परत ठेवला. संध्याकाळी चार खोटी नावं घेतली आणि मग हळूच — "भोपळ्याच्या बिया."

कुसुमचा चेहरा उतरला. "सुमे, तू पाहिलंस." मी गुलाबाईवर हात ठेवून शपथ घेतली. पोरी कुसुमलाच हसल्या. ती पुन्हा गुलाबाईला आली नाही, कधीच.

उद्घाटनाच्या दिवशी, अकराच्या सुमाराला, पाहुणे यायच्या आधी आम्ही तिघंच दालनात होतो. नाना पहिल्या एसटीनं आलेले, खुर्चीवर बसलेले. ऋचा कपाटाची काच पुसत होती. मला म्हणाली, "आजी, डबा तेवढा आत ठेव."

मी उचलला. आत खुळखुळलं.

हलकं, कोरडं. पासष्ट वर्षांत तो आवाज मी विसरले नव्हते.

"ऋचा, यात काय ठेवलंस?"

"काही नाही गं. नोंदवहीत मीच लिहिलंय, झाकण घट्ट, आत रिकामा." तिनं डबा घेतला, हलवला. गप्प. झाकण उघडून दाखवलं. रिकामा. पुन्हा लावलं, माझ्या हातात दिला. खुळखुळ.

"आजी, तुझ्या बांगड्या..."

बांगड्या काढल्या. घड्याळ काढलं. तळहातावर डबा धरून नुसता तिरका केला. तरी खुळखुळ. या वेळी ऋचा दोन पावलं मागे सरली.

नाना खुर्चीतूनच म्हणाले, अगदी साधं, "बिया शेत ना?"

समोर भिंतीवर माझ्या दोन ओळी छापून लागलेल्या, वर कुसुमचं नाव. थोड्या वेळानं लोक येऊन त्या वाचणार होते, आणि नाना त्यांना अभिमानानं सांगणार होते. मी खाली जमिनीवर बसले, त्यांच्या पायांशी, आणि सगळं सांगितलं. फळी, दुपार, शपथ. नातीसमोर.

नानांनी भिंतीवरच्या ओळी पुन्हा वाचल्या. मग म्हणाले, "तिनी मले हाई कधी सांगं नही, अक्का. तुमनं नाव ती चांगलंच ले."

कुसुम माझं नाव चांगलंच घ्यायची, हे ऐकणं सगळ्यात जड गेलं.

"आते म्हना ना मग," ते म्हणाले. "पोरी म्हनतंस ते."

मी डबा दोन्ही हातांत धरला. "हरले गं, कुसुम. मला नाही आलं ओळखता."

मग डबा हलवला. काही नाही. जोरात हलवला. काहीच नाही. ऋचानं झाकण काढलं. आत पितळ, आणि त्यात तिचं स्वतःचं प्रतिबिंब.

विद्यापीठातल्या एका भौतिकशास्त्राच्या सरांना मी नंतर विचारलं. ते म्हणाले, जुनं पितळ तापतं, निवताना आक्रसतं, झाकणाची कडा वाजते. मी मान डोलावली. मीही मुलांना हेच सांगितलं असतं. पण मग ऋचाच्या हातात का नाही वाजलं? आणि बिया म्हणून नानांना कसं कळलं, तेही मी अजून त्यांना विचारलेलं नाही. विचारणारही नाही.

उद्घाटन अर्धा तास उशिरा झालं, कारण ऋचाला पाटी नव्यानं छापावी लागली. जळगावला आलात तर बघा. डाव्या हाताचं दुसरं कपाट.

‘कुसुमचा डबा, एरंडोल. यातला खाऊ कुणालाही ओळखता आला नाही.’