खडूनं पास केलेला पिक्चर

दौंडला मालगाडीचे डबे तपासणाऱ्या टोळीत मी खलाशी, म्हणजे हाताखालचा गडी, होतो. शिक्षण चौथी. गोष्ट सत्तर सालानंतरची. नेमकं साल विचारू नका, सालं हिच्या ध्यानात असायची आणि ही गेली.

डबा चांगला असला की आम्ही त्यावर खडूनं 'फिट' लिहायचो. मोडका असला की 'शिक', म्हणजे आजारी. तो बाजूच्या लायनीला जायचा. तीच सवय पिक्चरला लागली. टॉकीजला नवा पिक्चर आला की आमच्या खोलीच्या पत्र्याच्या दारावर त्याचं नाव पडायचं आणि पुढं माझ्या हातानं फिट किंवा शिक. मधलं काही नाही. कुणी म्हणालं, "गाणी झ्याक हायेत, स्टोरी कंडम हाय," तर मी विचारायचो, "एक चाक चांगलं म्हणून डबा सोडशील का?" माझ्या शब्दावर अख्खी टोळी बायकापोरांना घेऊन जायची.

आता खरं सांगतो. मी एकही पिक्चर पुरता बघितला नाही. रात्रपाळी उरकून रविवारी तीनच्या खेळाला बसायचो. पंखा फिरायला लागला की मी संपलो. ही मधे टांगलेल्या कापडापलीकडं, बायकांच्या बाजूला. घरी चालत जाताना ती हातवारे करून सगळी स्टोरी सांगायची, आणि सोमवारी मी ती स्वतःची म्हणून खपवायचो.

एकदा सासू-सुनेचा पिक्चर लागला. ही म्हणाली, "सासू लई छळती. पर शेवटी आजारी पडती, सून सेवा करती, मग सासू कमरेच्या किल्ल्या काढून सुनेच्या पदरात टाकती." मी लिहिलं, फिट.

आमच्या टोळीच्या मिस्त्रीच्या मुलाला तेव्हा शिरूरची मुलगी सांगून आली होती. मुलीचे आईबाप रविवारी घर बघायला येणार होते. मिस्त्रीची बायको तोंडानं फाटकी, त्याची मिस्त्रीला धास्ती. मला म्हणाले, "पाव्हण्यांना त्या पिक्चरला न्यावं का रं? किल्ल्या बघून जरा बरं वाटंल त्यांना."

"बिनधास्त न्या," मी म्हणालो.

रविवारी दिवस मावळायला मिस्त्री माझ्या दारात. टोपी हातात, तोंड लाल.

"भाड्या, किल्ल्या कुठं हायेत? सून विहिरीत गेली! सासू काठावर उभी राहून हसती! पाव्हणी म्हणाली, 'कळवतो.' निघालीत सातच्या यष्टीनं. सोयरीक बुडाली माझी!"

मी हिच्याकडं बघितलं. ही भाकरी थापत होती.

"व्हय, गेली विहिरीत," ती म्हणाली. "मला न्हाई पटलं. चांगली धडधाकट पोर, तिनं कशापायी जीव द्यायचा? मी तिला जित्ती ठिवली."

"आन् ह्यानं काय बघितलं मग?"

"हे? हे निजतात."

झालं. हिनं तवा उतरवला, हात धुतले, पदर घेतला आणि मिस्त्रीच्या क्वार्टरकडं चालायला लागली. आम्ही दोघं मागनं.

पाव्हणी पिशव्या घेऊन ओट्यावर उभी होती. आत मिस्त्रीची बायको नाक पुसत होती. ही मुलीच्या आईला म्हणाली, "बाई, चूक माझी. शेवट मी बदलला," आणि उभ्या उभ्या किल्ल्यांपर्यंतची सगळी स्टोरी सांगितली.

मुलीची आई म्हणाली, "तुमचा पिक्चर बरा हाय. पर माझी पोर ह्यांच्या घरात यायची, तुमच्या पिक्चरात न्हाई."

ही आत वळली. "वैनी, तुम्हीच सांगा. काय करणार पोरीचं?"

"मी काय राक्षशीण हाय व्हय?"

"तसं न्हाई. पर तोंड लई चालतं तुमचं. समद्या लायनीला ऐकू येतं."

मिस्त्री आणि मी जमिनीकडं बघायला लागलो.

"चालतं तोंड!" मिस्त्रीची बायको बाहेर आली. "पर हात उगारायची न्हाई, उपाशी ठिवायची न्हाई. आन् तिनं उलटं बोललं तर बोलू दे की! ह्या घरात दोन्ही गडी मुके. मला बी भांडायला कुणी नको का?"

मुलीचा बाप फसकन हसला. मुलीची आई पिशवी खाली ठेवत म्हणाली, "माझी पोर बी काय मुकी न्हाई."

चहा आला. यष्टी गेली. त्याच आठवड्यात सुपारी फुटली.

टोळीत मात्र माझी पत गेली. दारावर कुणीतरी माझंच नाव लिहून पुढं 'शिक' लिहिलं. तिथून पुढं सगळे थेट हिलाच विचारायचे, आणि वर म्हणायचे, "वैनी, खरा शेवट सांगा हं."

गेल्या साली हिच्या दहाव्याला ती सून आली होती. आता ती स्वतः सासू झालीय. तिनं मला चहा करून दिला. मी म्हणालो, "साखर किती घातलीस? पिववत न्हाई."

"मामा," ती म्हणाली, "मामी असत्या तर आत्ता माझी बाजू घेतली असती."

घेतली असतीच. मी चहा पिऊन टाकला.