जाऊन राहिली

आमच्या साडभाऊंशी अर्धा तास बोलून डोकं ठिकाणावर राहिलेला माणूस साऱ्या सालेकसा गावात सापडणार नाही. मी शाळामास्तर, दुसऱ्यांच्या डोक्यात उजेड पाडायचा माझा धंदा. पण माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान ओसरीवर येऊन बसले की माझाच दिवा विझायचा. गृहस्थ लेखक होते. घडलेलं कुठे संपलं आणि लिहिलेलं कुठे सुरू झालं, हे ते कुणाला सांगत नसत. एकदा चहा पिता पिता म्हणाले, "म्हादू गेला, मास्तर." मी टॉवेल खांद्यावर टाकून धावलो, तर शेजारचा म्हादू अंगणात मजेत दाढी करत बसलेला! मेला होता तो कादंबरीतला म्हादू. "तुमी इचारलं कुठं?" असं वर मलाच.

स्वातंत्र्यानंतरची पहिली काही वर्षं होती ती. साडभाऊंच्या गोष्टी पुण्याच्या एका मासिकात येत, आणि पुस्तक तीन वर्षांपासून नुसतं 'येऊन राहिलं' होतं. त्यांच्या आजोबांनी गावचा तलाव बांधलेला, त्यामुळे साहित्याचं मोजमापही ते तलावानंच करत. "पुण्याच्या कथेत पाणी साचत नाई, मास्तर, नुस्तं वाहून जाते," म्हणायचे. मी मान डोलवायचो. कळायचं काही नाही. गोंदियाच्या एका वाचनालयानं त्यांना 'झाडीची बोली' या विषयावर बोलावलं. आपल्या मुलखाला झाडी म्हणतात हे हिंदी बोलणाऱ्या अध्यक्ष शेठजींना कुठलं ठाऊक! त्यांनी 'पेड़ों के बड़े जानकार' अशी ओळख करून दिली. शेवटी एकानं आंब्याच्या मोहोराचं विचारलं, "पंडितजी, हमारे आम में बौर क्यों नहीं आता?" साडभाऊ गंभीरपणे म्हणाले, "उससे कोई बोलता नहीं, इसलिए." टाळ्यांचा कडकडाट! चूक कुणाची झाली, ते मला आजतागायत उमगलेलं नाही.

हे सगळं बाईनं सोसलं. बाई म्हणजे त्यांची बायको. आम्ही सारे तिला बाईच म्हणायचो. पण एका वर्षी ऐन भाताच्या रोवणीच्या दिवशी साडभाऊंनी कामाच्या बायांना बांधावर बसवून त्यांची गाणी उतरवून घेतली आणि इकडे रोवायला उपटलेले धानाचे कोवळे पऱ्हे उन्हात वाळून गेले. बाई म्हणाली, "तुमाले बायको पायजे का वही, एकदाचं ठरवा." आणि पॅसेंजरनं माहेरी, दरेकशाला निघून गेली.

दरेकसा पुढचंच स्टेशन. कुणीही शहाणा दुसऱ्या दिवशी गाडीत बसला असता. साडभाऊंनी कथा लिहायला घेतली! नवरा फलाटावर, बायको गाडीत, आणि शेवटची ओळ अशी: 'ती जाऊन राहिली, अन् तो पाहून राहिला.' आमच्याकडे याचा अर्थ, ती आत्ता जाते आहे; गाडी सुटायची आहे, अजून वेळ आहे. बाईनं वाचावं नि परत यावं, म्हणून हा सारा खटाटोप. पुण्याच्या संपादकांनी भाषा शुद्ध केली. छापून आलं: 'ती गेली आणि माहेरीच राहिली. तो पाहत राहिला.'

साडभाऊंनी पुण्याहून परस्पर धाडायला सांगितलेला अंक दरेकशाला पोचला आणि बाईचा निरोप आला, "छापूनच टाकलं ना? मंग राहते इथंच."

साडभाऊ पांढरेफटक होऊन माझ्याकडे आले. "मास्तर, त्या संपादकानं माझी बायको माहेरी ठेवून देल्ली हो!"

"अहो, मग जा आणि घेऊन या!"

"आंधी चूक सुधराले पायजे."

आमच्या गावात अंक येत तीनच. एक शाळेत, एक स्टेशनमास्तरांकडे, एक त्यांचा स्वतःचा. तिन्हींत त्यांनी शाईनं ओळ दुरुस्त केली. राहिला बाईकडचा चौथा. तेव्हा कुठे स्वारी दौत-टाक घेऊन गाडीत बसली, आणि सोबत मी. बाई अंगणात तांदूळ पाखडत होती. यांनी ना रामराम, ना ख्यालीखुशाली. अंक मागितला, ओळ खोडली, वर आपली लिहिली आणि तिच्या पुढ्यात ठेवला. बाई चौथी शिकलेली. अक्षर अक्षर लावून तिनं वाचलं.

"मंग हा बुवा नुस्ता पाहूनच कायले राहिला? हाक माराले काय झालं होतं याले?"

जन्मभर आम्हाला गोंधळात टाकणारा हा माणूस, पण त्या दिवशी त्याचाच असा गोंधळ उडाला की मला भडभडून आलं. टाक हातात, शाई धोतरावर गळते आहे. मग एकदम ते म्हणाले, "सगुणा."

बायकोचं नाव घ्यायची तेव्हा रीत नव्हती. बाईचं नाव सगुणा आहे, हे मलाही त्याच दिवशी कळलं. बाईनं सूप खाली ठेवलं, पदर सारखा केला. "येऊन राहिली," म्हणाली आणि गाठोडं बांधायला आत गेली.

आता दोघंही नाहीत. तो चौथा अंक माझ्याकडे आहे. दुरुस्त केलेली ओळ अजून स्पष्ट दिसते. हाक मात्र साडभाऊंनी कधीच कुठे लिहिली नाही. एकदा मी विचारलं, तेव्हा म्हणाले, "लिवली असती, मास्तर, तर तीही कोणी शुद्ध केली असती."