कार्डातली आई

सातपूरच्या एका कारखान्यात मी कॉम्प्युटरचं काम बघते. कंपनीच्या मोबाइलमधली मेमरी कार्डं एन्क्रिप्ट करायचं काम माझ्याकडे आलं. म्हणजे कार्ड काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं तर त्यातलं काही उघडू नये, अशी सोय करायची. कारण माझ्यासकट बहुतेकांच्या कार्डात मशीनच्या भागांची ड्रॉइंग असायची. मी एकेकाला बोलावून सगळ्यांचे फोन हातावेगळे केले. राहिला तो माझाच.

माझ्या कार्डात आई होती. तिच्या पायाची जखम चिघळली होती. ती घरी अंथरुणाला खिळलेली असताना तिचे फोटो, व्हिडिओ मी कंपनीच्याच फोनवर काढले होते, जे करायला नको होतं. आधी ते घरच्या लॅपटॉपवर उतरवू, म्हणून कार्ड काढलं आणि पर्सच्या सुट्या नाण्यांच्या कप्प्यात टाकलं. दोन दिवसांनी बघते तर कार्ड नाही. घरातच कुठं तरी असेल, असं म्हणत राहिले आणि ऑफिसात कुणाजवळ बोलले नाही. थोड्याच दिवसांत आई गेली.

त्यानंतर महिन्याभराने गंगापूर रोडला नेहमीच्या फुलवाल्या मावशींकडे थांबले. गावाबाहेरच्या आपल्या मळ्यातली फुलं त्या रोज सकाळी घेऊन बसतात. भाव विचारण्यापलीकडे आमचं कधी बोलणं नव्हतं.

"ताई, आईचा पाय कसा हाय आता?"

"कुणाच्या आईचा?"

"तुमच्या. डाव्या पायाला पट्टी होती ना? निळ्या चादरीवर निजलेली."

ती चादर आमच्या घरातली होती.

"तुम्हाला कसं माहीत?"

"रोज भेटती की मला."

त्यांनी पदराआडून मोबाइल काढला. झेंडूच्या ढिगावर आईचा आवाज आला, "कधी आलीस? जेवलीस का?"

"जेवले हो," मावशी फोनकडे बघत म्हणाल्या. रोजची सवय असावी इतक्या सहज. व्हिडिओत उत्तर मी दिलेलं होतं. त्यांच्या आवाजात माझा ऐकूच आला नाही.

"पाटीत सापडलं हे. तुमी नाणी काढली तवा पडलं आसंल. फोटोत तुमी दिसला, पन मागितलं नाय तुमी कधी. रेघारेघांचे फोटो व्हते लय, ते पुसले. हिला ठिवली. घरात दुसरं कुनी बोलनारं नाय मला."

"मावशी, आई गेली माझी. महिना झाला."

त्यांनी आधी स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काय बी बोलता, ताई. आज सकाळीच बोलली माझ्यासंगं."

मी कार्ड मागितलं. त्यांनी ते नखाने उचकटून काढलं, पदराला पुसलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. ते कोमट होतं. मी मूठ मिटली आणि मग लगेच उघडली.

त्याच दिवशी साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "ड्रॉइंग कुणाच्या हाती गेली का?"

"नाही. त्यांनी पुसून टाकली."

"घरचं आहे ते घरी उतरवून घ्या. उद्या माझ्यासमोर एन्क्रिप्ट करा."

दुसऱ्या दिवशी तसंच केलं. आईचं सगळं मी लॅपटॉपवर घेतलं होतं, तरी कार्डावरचं पुसायला हात धजावला नव्हता. खात्री करायला साहेबांनी कार्ड आपल्या फोनमध्ये घातलं. व्हिडिओंची नावं ओळीने दिसत होती, पण एकही उघडेना. "बरोबर झालं," ते म्हणाले. मी मात्र त्या करड्या चौकोनांकडे बघतच राहिले.

आठवड्याने माझा स्वतःचा फोन घेऊन मावशींकडे गेले. म्हटलं, एकदा ऐकवावं. त्यांनी हातानेच नको म्हटलं.

"ह्याच्यात नको. तिला सांगून नेलंत का, ताई? आठ दिस हाका मारतीया मला."

फुलं न घेताच निघाले. हल्ली मी पलीकडच्या रस्त्याने जाते.