गंजका पत्रा आणि आक्काची पातळ डाळ

गौरी घरात आल्या त्याच संध्याकाळी आमच्या आक्काचा घसा बसला... आणि पेणच्या आमच्या अख्ख्या आळीची पंचाईत झाली.

नव्वद सालानंतरची गोष्ट. आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. आळीत फेर धरायचा तर गाणं तिनेच सांगायचं, बाकीच्यांनी मागून म्हणायचं. गणपती आल्यापासून तिने एवढ्या जोरात आरत्या म्हटल्या की ऐन गौरीला तोंडातून नुसती हवा यायला लागली... मी मनात म्हटलं, देव बरोबर ऐकतो.

मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसले होते. आमचे हे गेल्यापासून माझी जागा तीच. फेरात येऊ नको असं कुणी म्हणालं नव्हतं हां... फक्त हात धरून ओढायचं थांबलं होतं. पूर्वी आक्का गाणं सांगायची नि मी मधेच टोमणा जोडायची. आमची जोडी फेमस होती. मला त्या फेरात परत जायचं होतं, पण आपल्या तोंडाने कोण सांगणार?

आता विनूबद्दल सांगते. आमच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायचा, रोह्याला केमिकल कंपनीत शिफ्ट करायचा. सुट्टीच्या दिवशी तो नि त्याचे मित्र रोह्यातल्या एका बंद भातगिरणीत जमून बँड वाजवायचे. ड्रम म्हणजे कंपनीतलं रिकामं निळं पिंप. बँडचं नाव 'गंजका पत्रा'. मी म्हटलं, बाबा, नाव ठेवताना तरी खोटं बोलला नायस.

याला पोस्टाने कॅसेटी यायच्या. गोवा, शिलाँग, नि कुठून कुठून परदेशातूनसुद्धा... सगळ्या असल्याच पोरापोरींच्या बँडच्या, दुकानात न मिळणाऱ्या. कव्हर झेरॉक्सचं. नियम एकच, तू ऐकलंस ना, मग तुझं काहीतरी भरून उलट पाठव.

मी तेव्हा गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करायची. एका रविवारी विनूने तिथे येऊन टेपवर पोस्टाने आलेली एक कॅसेट लावली. बाकीच्या बायांनी कानात बोटं घातली. गणपतीचे कान मोठे म्हणून मला त्याचीच दया आली...

इंग्रजी मला ओ की ठो कळत नव्हतं. पण त्यात एक पोरगी अशी ओरडत होती! मधेच तिचा गळा फाटला, तरी थांबली नाय, फाटक्या गळ्यानेच पुढे गात राहिली. मी पितांबर रंगवता रंगवता थांबले. म्हटलं, हिला पण कुणीतरी उंबऱ्यात बसवलंय वाटतं.

मग मी रोज तीच कॅसेट मागायला लागले. विनू तर खूश. "काकी, सगळ्या पेणमध्ये हे ऐकणाऱ्या तुम्ही एकट्या! आता नियमाप्रमाणे तुमचं काहीतरी द्या."

दिलं. 'गंजका पत्रा'च्या कॅसेटला शेवटी थोडी जागा उरली होती, तिथे मी आक्कावर रचलेलं गाणं म्हटलं. हे परदेशात जाणार, आक्काला काय कळतंय... असा माझा हिशोब.

तर त्या संध्याकाळी सगळ्या बाया हिरमुसून बसलेल्या. कुणीतरी म्हणालं, टेप तरी लावा. विनू वरून टेपरेकॉर्डर घेऊन आला, एक कॅसेट घातली नि बटण दाबलं.

धडाड धूम! पिंपच वाजलं. गौरीपुढची समई विझते की काय असं वाटलं. शेजारच्या म्हाताऱ्या वेणूआजी मात्र पदर खोचून उठल्या. "ताल तर बरा हाय गो, उठा!" आणि खरंच, चार बायांनी त्या बोंबलण्यावर फेर धरला. मी हसून हसून उंबऱ्यावर आडवी.

तेवढ्यात पिंप थांबलं... आणि माझा आवाज आला.

"माझी जाऊ लई शहाणी गो शहाणी,
वाटीभर डाळ नि हंडाभर पाणी!
पाहुणं बसलं जेवाया गो जेवाया,
वाटीत वाकलं तोंड पाहाया!"

फेर जागच्या जागी थांबला. माझं हसू तोंडातच राहिलं. विनू बटण शोधतोय, त्याला सापडत नाय. परदेशी पाठवली त्याची एक कॉपी त्याने ठेवलेली, तीच ही; शेवटी मी आहे हे विसरला होता की मुद्दाम केलं, ते मेला अजून कबूल करत नाय...

आक्का उठली. सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तोंड उघडलं, पण शिव्या द्यायला आवाज कुठाय! मला वाटलं, फेर तर गेलाच, आता उंबरापण गेला.

तिने माझं मनगट धरलं नि ओढलं. बसक्या घशातून कसंबसं म्हणाली, "जितं माणूस घरात हाय ना गो... मग टेप कशाला वाजवता?"

आणि मला फेराच्या मधे नेऊन उभं केलं. वर दम पण दिला, "डाळीचं पुरे. दुसरं सांग."

मी दुसरं सांगितलं. ते तिच्या घोरण्यावर होतं... त्यावर सगळ्यात जोरात टाळी आक्कानेच वाजवली.

त्यानंतर एकही गौर मी उंबऱ्यात बसून काढली नाय. आक्का आता थकली, खुर्चीत बसून ताल धरते. डाळ मात्र अजून तशीच पातळ.

त्या फाटक्या गळ्याच्या पोरीचं नाव मला आजपर्यंत कळलं नाय. कॅसेटवर लिहिलेलंच नव्हतं. पण दर गौरीला पहिली गिरकी मी तिच्या नावाने घेते... बाय माझी, असशील तिथे सुखात राहा. आणि कुणी उंबऱ्यात बसवलंच, तर अशीच ओरड.