हाक आली तरी वळायचं नाही

मैत्रिणींनो, एकसष्टाव्या वर्षी आज मी एका परीक्षेत चक्क नापास झाले!

लेकीबरोबर पिस्तूल नेमबाजीच्या स्पर्धेत उतरायचं म्हणून इथे परदेशात, पोरिरुआ शहराजवळच्या क्लबात शिकतेय. तिथे चालत-फिरत नेम धरायचा असतो, म्हणून आधी सुरक्षेची परीक्षा. पिस्तुलाचं तोंड कायम समोरच्या मातीच्या बांधाकडेच हवं.

आज माझे नेम छान लागले. पिस्तूल रिकामं करून दाखवलं, तेवढ्यात आमचे शिक्षक ग्रॅहम यांनी मागून हाक मारली, "सुलभा!"

मी पिस्तुलासकट गर्रकन वळले. "येस, सिस्टर!"

ग्रॅहमनी माझं मनगट धरलं. "सॉरी, सुलभा. ही हाक मी सगळ्यांनाच मुद्दाम मारतो."

गाडीत लेक हसू दाबत म्हणाली, "आई, हू इज सिस्टर?"

नाशिकच्या आमच्या कॉन्व्हेंटात सिस्टर ॲग्नेसना पाठमोरं उत्तर दिलेलं खपत नसे. हाक आली की पूर्ण वळायचं. त्या जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण माझे पाय अजून त्यांचंच ऐकतात.

तुमच्याही अंगात अशी शाळा उरली आहे का?

पुढच्या शनिवारी पुन्हा परीक्षा आहे. या वेळी वळणार नाही. सिस्टरची माफी आत्ताच मागून ठेवली आहे.