काखेतला पदर
तेल शिंपडलेल्या वाळूचा वास आला, की नगरच्या कॅम्पातलं गोल्फचं मैदान आठवतं. बाहत्तरच्या दुष्काळात तिथं गवत उरलंच नव्हतं; झेंड्याभोवती हिरवळीऐवजी तेल शिंपडून बसवलेली वाळू असायची. मी नुकतीच शिकत होते; चेंडू मारताना माझे हात अंगापासून लांब जायचे आणि चेंडू बाभळीत. शिकवणारे निवृत्त सुभेदार सगळ्यांदेखत म्हणाले, "बाईसाहेब, पदर सांभाळत गोल्फ जमायचा न्हाई. पँट घाला, न्हाईतर घरी बसा." मी पेटले. सासऱ्यांसमोर घ्यायचे तसा पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला, टोक उजव्या काखेत गच्च दाबलं आणि काठी फिरवली. कोपर बरगडीला चिकटून राहिलं, हात मांडीजवळून पुढे गेले, काठी मागून आली आणि चेंडू सरळ झेंड्यापाशी पडला. "आता कसं जमलं?" सुभेदारांनी विचारलं. "पदर सांभाळला," मी म्हणाले. आज पँट घालून खेळणाऱ्या नातीच्या काखेत मी रुमाल दाबून देते. मी मात्र अजून साडीतच खेळते.