चिंगी पोत्यावर पाय देत नाही

किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. तीन माणसं एका खोलीत रोज भांडत बसली की ते आपोआप साठतात, आमच्या खिडकीच्या गजांवर हळद साठते तसे. झटकावं म्हटलं तर हाताला लागतात!

ही खोली सांगलीत, मार्केट यार्डाच्या मागे, एका हळदीच्या गोदामावर आहे. तिथे आम्ही तिघं व्हिडिओ गेम बनवतो. शाहीद चित्रं काढतो, कोयनानगरची तनुजा कोडिंग करते, आणि आवाज, लेव्हल आणि चहा ही खाती माझ्याकडे. परवा साताऱ्याच्या एका कॉलेजात मला 'ओरिजिनॅलिटी' या विषयावर बोलायला बोलावलं. पहिल्याच बाकावरच्या मुलीने विचारलं, "सर, ओरिजिनॅलिटीची व्याख्या काय?"

मी म्हटलं, "व्याख्या येत नाही. आमच्या ऑफिसातले किस्से सांगू का?"

सगळे एकदम खूश झाले. प्राचार्य सोडून!

* * *

आमचा आताचा गेम म्हणजे 'पेव', पण पहिला गेम तो नव्हता. पहिला गेम म्हणजे एक पोरगा, एक किल्ला, हवेत तरंगणाऱ्या विटा आणि गोळा करायची नाणी. सगळे करतात तसंच आपणही करायचं, असं आमचं साधं गणित होतं. काम पूर्ण झालं त्या दिवशी शाहीदने पेढे आणले आणि त्याच्या मावसभावाला खेळायला बसवलं.

तो मन लावून खेळला. शेवटपर्यंत पोचला. मग पेढा तोंडात टाकत म्हणाला, "लय भारी हाय गड्या! मी खेळलोय ह्यो आदी."

"आधी? अरे, आज सकाळी पूर्ण झालाय तो!"

"न्हाई रं, खेळलोय. कवा ते आठवंना बग."

तनुजाने त्याच दुपारी सगळं डिलीट केलं. बॅकअप असेल, असं मला वाटत होतं. नव्हता!

* * *

मग सुचलं पेव. सांगलीजवळ हरिपूरच्या बाजूला जमिनीखाली हळद साठवायची पेवं खणलेली असायची. तोंड अरुंद, पोट मोठं. पेव उघडलं की आधी आतली कोंदट हवा जाऊ द्यायची, मग दोरीने कंदील खाली सोडायचा. कंदील जळत राहिला तर माणूस उतरणार. विझला तर थांबायचं. आम्ही चिंगी नावाची एक पोरगी केली, तिच्या हातात कंदील दिला आणि पेवात उतरवली.

शाहीदच्या अब्बांचं स्टोव्ह आणि कंदील दुरुस्तीचं दुकान आहे. शाहीदने चिंगीच्या कंदिलाचं पोस्टर काढून दुकानात लावलं. एक दिवस मिरजेच्या एक बाई आल्या आणि पोस्टरकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हाच कंदील पाहिजे."

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, हे नुसतं चित्र आहे. अब्बा व्यापारी माणूस! म्हणाले, "परवा या."

आणि पोस्टर समोर ठेवून त्यांनी हुबेहूब तसा कंदील बनवला की! शाहीद चिडला. "अब्बा, डिझाइन माझं आहे!"

अब्बांनी कात्रीही खाली ठेवली नाही. म्हणाले, "और पत्रा किसका है?"

त्यांनी बनवलेला दुसरा कंदील आमच्या ऑफिसात टांगलेला आहे. पाहुणे विचारतात, "यावरून गेममधला काढला का?" आम्ही नुसतं हसतो.

* * *

गेममध्ये एके ठिकाणी भूकंप होतो. मी स्क्रीन गदागदा हलवली आणि ढगांचा गडगडाट लावला. तनुजा बघत राहिली. तिचं बालपण कोयनानगरात गेलंय, तिथे जमीन हलणं नवलाचं नाही. म्हणाली, "असा नसतो भूकंप. आधी भांडी वाजतात."

मग मी माइक घेऊन तिच्या घरी, कोयनानगरला गेलो. तिची आई भाकरी थापत होती. मी भांड्यांच्या मांडणीला माइक लावला आणि मांडणी हळूहळू हलवून बघायला लागलो. जमेना. ताटं नुसती आदळायची.

एवढ्यात ती माझ्याशिवायच वाजायला लागली! आधी पेले किणकिणले, मग ताटं, मग वरचा दिवा डुलायला लागला. मला पुढचं आठवत नाही. शुद्धीवर आलो तेव्हा मी अंगणात होतो आणि पायात चप्पल नव्हती.

काकू आतून ओरडल्या, "आवं, झालं का रेकॉर्डिंग? भाकरी गार होतीया!"

तोच आवाज आम्ही गेममध्ये ठेवला. पेले, ताटं, आणि त्यानंतर लांब जाणारी एक किंकाळी. ती किंकाळी कुणाची, असं लोक विचारतात. तनुजा अभिमानाने माझ्याकडे बोट दाखवते. "शंभर टक्के ओरिजिनल!"

* * *

आता माझ्या आईचा किस्सा. आई गावाकडची. आमच्याकडे पिढ्यानपिढ्या हळद होते. एकदा ती ऑफिसात आली तेव्हा मी कौतुकाने तिच्या हातात फोन दिला. चिंगी पोत्यांच्या उतरंडीवरून टणाटण उड्या मारत वर जायची, अशी ती लेव्हल होती.

आई थबकली. "ही कशावर चढली रं?"

"पोत्यावर."

"पोत्यात काय हाय?"

"हळद."

"हळदीवर पाय देती? ते बी चपला घालून?"

शाहीद मोठा लाघवी. म्हणाला, "काकू, चप्पल काढतो तिची!" आणि तिथल्या तिथे चिंगीला अनवाणी केली.

आई म्हणाली, "पाय त्यो पायच की."

मी म्हटलं, बरं, पोत्यावर पाय नको. पोत्याच्या वरून पलीकडे उडी मारेल. तसं करून दाखवलं.

"आता वलांडती व्हय?"

शाहीदने शेवटचा प्रयत्न केला. "काकू, खाली बघा की, हमाल पोत्यांच्या थप्पीवर चढतातच!"

"त्यास्नी काम हाय म्हणून चढत्यात. चढायच्या आदी हात लावून पाया पडत्यात. हिला काय काम हाय? उड्या माराय चढती!"

आता मात्र मी वैतागलो. समोर दिसेल त्यावर पाय देऊन पुढे जायचं, यालाच प्लॅटफॉर्मर म्हणतात. हे आईला कसं सांगणार? मी म्हटलं, "पाय द्यायचा नाही, ओलांडायचं नाही. मग पोरीनं करायचं काय?"

"पोतं उचलायचं, बाजूला ठिवायचं. एकटीला उचलंना तर कुणाला तरी हाक मारायची. तोंड दिलंया की देवानं!"

मी हसलो. तनुजा हसली नाही. ती लॅपटॉप घेऊन कोपऱ्यात जाऊन बसली.

त्यातून आमचं हाकेचं बटण तयार झालं. चिंगी पोत्याचं एक टोक धरते आणि हाक मारते, "जरा हात लावता का?" हाक पेवात घुमते. कुठून मारली तर कुणाला ऐकू जाईल, कोण येईल, तो कसा खाली उतरेल, हेच सगळं कोडं. असं बटण मी तरी दुसऱ्या कुठल्या गेममध्ये पाहिलेलं नाही. छाती फुगवून सांगतो!

* * *

हा गेम जगभर पोचवणारं कुणीतरी हवं होतं. पुण्याच्या एका कंपनीतून नीरज सर आले. खाली ट्रक रिकामा होत होता. सर चकाचक बूट घालून दारातल्या पोत्यांवरून टणाटण उड्या मारत आले आणि शिंकतच जिना चढले. आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

गेम त्यांना आवडला. पण म्हणाले, "हाक वगैरे ठीक आहे. पोत्यावर उडी मारू द्या ना! सगळ्या जगात प्लेयर समोर दिसेल त्यावर उडी मारतो."

तनुजा म्हणाली, "म्हणूनच आमच्यात मारत नाही."

"विचार करा. एवढं एक बदललंत तर आजच करार करू."

आमची अवस्था तेव्हा अशी होती, की हा करार झाला नसता तर तिघांनी पुण्याच्या नोकऱ्या धरायच्या, हे ठरलेलं होतं. शाहीदने टांगलेल्या कंदिलाकडे पाहिलं. मी शाहीदकडे पाहिलं.

"नाही बदलणार," आम्ही म्हणालो. तिघंही एकदमच बोललो. आमच्या ऑफिसच्या इतिहासात एकमत झालं ते तेवढंच! "बघू," म्हणून सर करार न करताच गेले.

* * *

आता शेवटचा किस्सा.

आम्ही 'पेव'ची छोटी झलक इंटरनेटवर टाकली होती. थोड्याच दिवसांत एक फुकटचा गेम बाजारात आला. तेच पेव, तोच कंदील, तशीच पोरगी, परकराचा रंगसुद्धा तोच. राग चोरीचा होताच, पण त्याहून मोठी भीती वेगळी होती. आमचा पूर्ण गेम अजून बाहेर पडायचा होता. आता लोक म्हणणार, नक्कल यांनीच केली!

नीरज सर पुन्हा आले, हेच सांगायला. "सॉरी, पण आता तुमच्यात वेगळं काय राहिलं? कुणालाही दोन्ही दाखवा, फरक कळणार नाही."

नेमकी तेव्हा आई डबा घेऊन आलेली होती. सरांनी दोन फोन तिच्या हातात दिले. एकात आमचा गेम, एकात तो फुकटचा. कुठला कुणाचा ते सांगितलं नाही. "मावशी, बघा बरं, तुमच्या मुलाचा कुठला?"

आईने आधी घेतला तो फुकटचा. पोरगी चालली, पोत्यापाशी आली. आईने हाकेचं बटण शोधलं. सापडेना. दुसरं एक बटण दाबलं. पोरगी टुणकन उडी मारून पोत्यावर उभी राहिली.

आईने फोन टेबलावर ठेवला आणि पदराला हात पुसले.

"ही आपली चिंगी न्हाई."

सर म्हणाले, "कशावरून? चेहरा तर तोच आहे."

"चेऱ्याचं काय घिऊन बसलाय? हिला कुणी वळणच लावल्यालं न्हाई!"

आईने डबा उघडला, तेव्हा सरांनी दोन घास आमच्याबरोबर खाल्ले. "कळवतो," एवढंच म्हणाले आणि जिना उतरले.

आम्ही चौघं खिडकीत उभे राहिलो. खाली पुन्हा ट्रक लागला होता, दारात पोती आडवी पडलेली. पलीकडे सरांची गाडी हॉर्न वाजवत होती. एक हमाल लांबूनच ओरडला, "या की सायेब, द्या पाय बिनधास्त! काय हुत न्हाई!"

सर तिथेच थांबले. त्यांनी बाह्या वर सारल्या, खाली वाकून पोत्याचं एक टोक धरलं आणि हमालाकडे बघून हाक मारली, "अहो, जरा हात लावता का?"